क्लेमंट यॅप उठायला तयार नाही

रोझमंड मावशीनं नोक्सला मारलं ते डिसेंबरच्या सुरुवातीला, न्याहारीच्या आधी, प्रॉसरच्या कुरणालगतच्या पायवाटेवर. तिची लिहायची पद्धतच तशी आहे. दिवसभरात जे लिहायचं ते ती सकाळी चालताना मोठ्यानं बोलून बघते, सगळ्या पात्रांच्या आवाजात. कर्नलसाठी जाड आवाज, विधवेसाठी नाकातला, आणि इन्स्पेक्टरबाईसाठी तिचा स्वतःचा. टॅरो गावाला याची सवय आहे. बाहेरचं कुणी वाटेत भेटलं तर मात्र ते कुंपणाला चिकटून उभं राहतं आणि ती पुढे जाईपर्यंत आपल्या कुत्र्याला जवळ धरून ठेवतं.

त्या दिवशी धुकं होतं. गॅविन प्रॉसर कुंपणापलीकडे एका मेंढीला आडवी पाडून तिचा खूर तपासत बसला होता. एकदम त्याला ऐकू आलं, "नोक्स! नोक्स, डोळे उघड! अरे, कुणीतरी डॉक्टरला बोलवा!" मग जाड आवाजात, "उपयोग नाही, बाईसाहेब. म्हातारा गेला." आणि मग कुणीतरी हमसून हमसून रडायला लागलं.

गॅविननं मेंढी सोडली आणि काटेरी कुंपणावरून उडी मारली. पँट फाटली. पलीकडे मावशी कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीवर बसून हातमोज्यानं नाक पुसत होती. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"काय सुंदर मेला रे, गॅविन!" ती म्हणाली. "आयुष्यात इतकं छान मी कुणाला मारलं नव्हतं."

दुपारपर्यंत बातमी 'प्लाउ' पबात पोचली आणि अंधार पडायच्या आत क्लेमंट यॅपच्या घरी सांत्वनाचा पहिला केक गेला.

नोक्स म्हणजे मावशीच्या रहस्यकथांमधला म्हातारा. कुंपणं विणण्याचा धंदा सोडलेला, सगळ्या गावाची खबर ठेवणारा. इन्स्पेक्टरबाई अडली की ती नोक्सकडे जाते, नोक्स कान खाजवतो, काहीतरी महत्त्वाचं सांगतो आणि शेवटी म्हणतो, "मी काही बोललो नाही हं." क्लेमंट यॅपनंही जन्मभर कुंपणं विणली, तोही सगळ्यांची खबर ठेवतो आणि तोही कान खाजवतो. नोक्स म्हणजेच क्लेमंट असं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण कुणाला शंकाही नव्हती. मावशी म्हणायची, नोक्स तीन माणसं आणि माझ्या जुन्या टेरिअर कुत्र्यापासून बनवलाय.

"कुत्र्याचं काय घेतलंस?" क्लेमंटनं एकदा विचारलं होतं.

"डोळे."

हे त्याला फार आवडलं होतं. महिनाभर तो लोकांकडे मान तिरकी करून बघायचा.

मी स्वतः रसायनशास्त्र शिकले आहे. सायडरच्या कारखान्यात सफरचंदाच्या रसाची साखर आणि आंबटपणा तपासते, मावशीच्या घरी वरच्या खोलीत राहते, आणि तिच्या पुस्तकातली विषं खरोखर काम करतील की नाही ते सांगते. त्यामुळे आधी क्लेमंट कान खाजवायचा की आधी नोक्स, हा प्रश्न मला कायम सतावत आलाय. मी क्लेमंटच्या बायकोला, बेरिलला, विचारलं. ती म्हणाली, "लग्नाच्या वेळी नव्हता खाजवत. नाहीतर मी विचार केला असता."

तर नोक्स मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी क्लेमंट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आम्ही नाताळचे मिन्स पाय, म्हणजे गोड सारण भरून भाजलेल्या छोट्या कचोऱ्या, करत होतो. मावशी पीठ लाटत होती, मी मनुकांचं सारण भरत होते. त्यानं न विचारता ताटातला एक उचलला.

"मी मेलो असं ऐकतोय."

"तू नाही रे. नोक्स."

"कशानं?"

आता मावशीला कुणी कथानक विचारलं की तिला थांबता येत नाही. तिनं लाटणं खाली ठेवलं. "कर्नलसाठी गरम सायडरचा मग भरून ठेवलेला असतो. त्यात विष. नाताळचा खेळ चालू आहे, नोक्स नाताळबाबा झालाय. त्याला तहान लागते, तो कर्नलचा मग उचलून तोंडाला लावतो आणि रिकामा करतो. मग खेळात त्याचं मरण येतं. तो पडतो. सगळे हसतायत, टाळ्या वाजवतायत. डॉक्टर येतो, औषध टाकतो. आणि नोक्स उठतच नाही!"

"म्हणजे मी खेळात मरतो आणि उठत नाही."

"हो! तेच तर!"

क्लेमंटनं हातातला अर्धा मिन्स पाय ताटात परत ठेवला. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. क्लेमंटनं अर्धा मिन्स पाय परत ठेवलेला आजवर कुणी पाहिलेला नाही.

आमच्या गावात नाताळच्या दुसऱ्या दिवशी प्लाउच्या अंगणात खेळ होतो. खेळ जुना आहे, शब्द तेच, मारामारी तीच. आजूबाजूच्या गावांत किंग जॉर्ज मरतो. टॅरोमध्ये नाताळबाबा मरतो, आणि नाताळबाबाच्या मरणाचा मान यॅप घराण्याकडे आहे. क्लेमंटचे आजोबा मरायचे, मग वडील मरायला लागले, मग क्लेमंट. सरदार स्लॅशर त्याला तलवारीनं मारतो, डॉक्टर येऊन बाटलीतलं औषध ओठांवर टाकतो, नाताळबाबा उठतो, आणि मग गावाच्या मते दिवस पुन्हा मोठा व्हायला लागतो. दिवस तर त्याआधीच मोठा व्हायला लागलेला असतो, हे मी एकदा क्लेमंटला समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "आम्ही करणारच आहोत हे त्याला माहीत असतं. म्हणून तो आमच्या भरवशावर जरा लवकर सुरू करतो."

"रोझमंड," क्लेमंट आता म्हणाला, "माझे आजोबा मेले आणि उठले. बाप मेला आणि उठला. यॅप माणूस पडून राहत नाही. मरण्याचं मला काही नाही, मी दरवर्षी मरतो. पण तू त्याला उठव."

"नाही येणार. सगळं पुस्तक त्याच्या मरणावर उभं आहे. इन्स्पेक्टरबाई पेटून उठते ती त्यामुळेच."

"म्हणजे ती उठते आणि मी नाही."

"क्लेमंट, ते पुस्तक आहे."

"बरं," असं म्हणून त्यानं टोपी घातली. "मग मी मेलो."

आणि तो खरोखरच मेला. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यानं मेल्यासारखं वागायला सुरुवात केली. प्लाउमध्ये येऊन तो आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसला आणि पबमालक मर्विननं "काय देऊ?" विचारल्यावर समोर बघत राहिला.

"त्याला ऐकू जात नाही," बेरिल म्हणाली. "मेलाय तो. पण अर्धा ग्लास घेईल."

"अख्खा," क्लेमंट ओठ न हलवता म्हणाला.

चर्चमध्ये नाताळगीतांचा सराव होता. क्लेमंटचा खर्ज म्हणजे सगळ्या गाण्यांचा पाया. तो जागेवर उभा राहिला, पुस्तक उघडं धरलं, आणि तोंड मिटून राहिला. वरचे सूर पाया नसलेल्या मांडवासारखे हलायला लागले. पाद्रीबाईंनी विनवलं, तेव्हा बेरिलनं सांगितलं, "मेलेली माणसं वरती गातात म्हणे. खाली नाही."

घरी त्यानं सरपण फोडायचं सोडलं. भांडी विसळायची सोडली. मेल्यावर ते शोभत नाही म्हणाला. आठवडाभरातच बेरिलचं डोकं फिरलं. "मेलास तर मेलास, पण बूट पुसून आत ये!" हे वाक्य मी त्यांच्या फाटकाशी स्वतः ऐकलंय. पण केक येत होते. गावातल्या प्रत्येक घरातून सांत्वनाचा केक, शिवाय एक हॅम आणि दोन बरण्या लोणचं. "इतकं कुणी माझ्या लग्नालाही दिलं नव्हतं," बेरिल म्हणाली. "जानेवारीपर्यंत मेलेलाच राहिला तरी चालेल एक वेळ."

मावशी आधी हसली. मग तिला हसू येईना. ती रोज बागेतल्या शेडमध्ये दोन स्वेटर घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन लिहायला बसायची आणि जेवायला आली की तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की आज पुन्हा नोक्स उठला नाही. कारण ती प्रयत्न करत होती. हे तिनं क्लेमंटला सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगितलं नव्हतं, पण एकदा सूप पिता पिता ती म्हणाली, "टिल्डा, विषाची मात्रा कमी असली तर?"

"मग कर्नलही मेला नसता. खुनी मूर्ख ठरेल."

"माझा खुनी मूर्ख नाही," मावशी दुखावून म्हणाली. थोड्या वेळानं, "जुळा भाऊ?"

मी चमचा खाली ठेवला.

"नाही, नाही. मी बोललेच नाही असं समज." तिनं कपाळ चोळलं. "अडचण त्या मगाची आहे. मग रिकामा सापडतो, म्हणून तर इन्स्पेक्टरला कळतं की कोणता मग. सगळ्यांनी त्याला पिताना पाहिलंय. प्यायलेलं परत कसं काढू?"

लंडनहून तिच्या संपादकबाईचा फोन आला. मावशीनं म्हाताऱ्याच्या मरणाचं प्रकरण तिला आधीच पाठवलं होतं. "मी बसमध्ये रडले!" ती इतक्या जोरात म्हणाली की मला बटाटे सोलताना ऐकू आलं. "शेजारच्या माणसानं मला रुमाल दिला! त्या प्रकरणाला हात लावू नका. सुट्टी संपली की शेवट पाठवा." मावशीनं फोन ठेवला आणि ओट्यावर डोकं टेकलं. ते तिचं सगळ्यात चांगलं प्रकरण होतं. मीही वाचलं होतं. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं तेव्हा.

नाताळच्या दिवशी आम्ही दोघींनी हंस भाजला, नाताळचे कागदी फटाके दोन टोकांनी ओढून फोडले, आतून निघालेले मुकुट घातले आणि पुडिंगवर ब्रँडी पेटवली. मावशी मुकुट घालूनच विचार करत होती. सकाळी तिनं दरवर्षीसारखं एक छोटं पुडिंग क्लेमंटकडे पाठवलं होतं. संध्याकाळच्या आत वाडगं परत आलं, धुऊन लख्ख केलेलं. सोबत बेरिल होती.

"मेलेल्याला पुडिंग चालत नाही. मला चालतं. छान झालं होतं." मग तिनं स्कार्फ सोडला. "रोझमंड, ऐक. तो उद्या खेळाला येतोय."

"खरंच?" मावशी उठूनच उभी राहिली.

"येतोय, मरतोय. पण म्हणाला, मला उठवायला डॉक्टर म्हणून तिलाच पाठवा."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. "समेट करतोय गं तो! बघ, किती मोठ्या मनाचा!"

बेरिलनं फक्त आपला कान खाजवला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं, पण अंगणातल्या फरशीवर दंव चमकत होतं. सगळं गाव आलं होतं, हातात वाफाळणाऱ्या सायडरचे मग. मी सरदार स्लॅशर होते, लाकडी तलवार आणि डोक्यावर पातेलं. मावशीनं आजोबांचा शेपटीचा कोट आणि उंच टोपी घातली होती, आणि मर्विननं डॉक्टरच्या बाटलीत परंपरेप्रमाणे खरी ब्रँडी भरली होती.

क्लेमंट लाल डगला आणि छातीभर पसरलेली पांढरी लोकरीची दाढी लावून आला. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदाच चारचौघांत मोकळ्या आवाजात बोलला, म्हणजे खेळातलं, आणि त्या खर्जानं अंगणाच्या भिंती भरल्या. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या तेव्हा तो मान तिरकी करून टेरिअरसारखा बघत होता.

मग मी त्याला मारलं. क्लेमंटचं मरण बघण्यासारखं असतं. तलवार लागल्यावर तो आधी आश्चर्यानं छातीकडे बघतो. मग गिरकी घेतो. मग गवताच्या गंजीवर बसतो, बरं वाटतंय असा आव आणतो, उठून दोन पावलं चालतो, बायकोला हात करतो, आणि मग कापलेल्या झाडासारखा आडवा होतो. या वेळी त्यानं मध्ये एक शिंकही घातली.

"डॉक्टर! डॉक्टर!" सगळं गाव ओरडलं.

मावशी टोपी सावरत आली. "मी डॉक्टर!" ती जाड आवाजात म्हणाली. कर्नलचाच आवाज होता. "मी खाज बरी करते, खोकला बरा करते, गुडघ्याची कुरकुर आणि जावयाचा आळस बरा करते! आणि मेलेला असेल तर त्यालाही उठवते!"

तिनं गुडघा टेकला आणि बाटलीतले थेंब नाताळबाबाच्या ओठांवर टाकले. "ऊठ, म्हाताऱ्या! ऊठ आणि पुन्हा लढ!"

क्लेमंट हलला नाही.

लोक हसले. मावशीनं अजून थोडी ब्रँडी ओतली. "ऊठ, म्हाताऱ्या!"

काही नाही. मी पातेलं मागे सरकवून वाकले. खुनी जवळच उभा असतो, त्यामुळे मला सगळं नीट दिसत होतं. क्लेमंटनं एक डोळा उघडला.

"आधी नोक्सला उठव," तो म्हणाला. "मग मी उठतो."

हे पहिल्या रांगेनं ऐकलं, दुसऱ्या रांगेला सांगितलं, आणि लाट फाटकापर्यंत जाऊन परत आली. मग जो गलका झाला तो सांगता येत नाही.

"उठव त्याला, रोझमंड!"

"अहो, पण पुस्तक तिचं आहे!"

"नोक्स आपला आहे!"

बेरिल पुढे आली. "क्लेमंट, फरशी गार आहे. कंबर धरेल तुझी."

"मेलेल्याला कंबर नसते."

"घरी आल्यावर चोळून मागशील ती कुणाची असते मग?"

मावशीनं दोन्ही हात वर केले. "अहो, मला येत नाही! मी प्रयत्न केलाय! त्यानं विष प्यायलंय, मग रिकामा आहे, सगळ्यांनी पाहिलंय. तुम्हीच सांगा, कसा उठवू?"

कादंबरीकारानं हे वाक्य गर्दीसमोर कधीही बोलू नये. अंगणातल्या प्रत्येक माणसाकडे एक शेवट होता. गॅविन म्हणाला, मेंढीला विषबाधा झाली की आम्ही तिला उलटी धरतो. कुणी म्हणालं, ते सगळं स्वप्न होतं असं कर, त्यावर बाकीच्यांनी त्याची हुर्यो उडवून त्याला गप्प केलं. मर्विन म्हणाला, सायडरमध्ये पाणी इतकं होतं की विष पातळ झालं, आणि लगेच मागून आवाज आला, "म्हणजे हे तुझ्या पबात घडलंय होय?" पाद्रीबाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "मेलेला माणूस उठण्याचं आमच्याकडे एक चांगलं उदाहरण आहे."

"त्याला तीन दिवस लागले होते," क्लेमंट जमिनीवरून म्हणाला. "माझी फरशी गार आहे."

मावशी त्याच्याजवळ बसली. उरलेली ब्रँडी तिनं सगळी ओतली, जशी काही ती खरंच औषध होती. मग हलक्या आवाजात म्हणाली, "क्लेमंट, मी रडले रे त्याच्यासाठी. तुला काय वाटलं, मजेत मारला? ओट्यासमोर उभी राहून रडते अजून."

"मग उठव ना."

"कसा?"

"ते मला काय विचारतेस? लेखिका तू आहेस. मी नुसता मेलोय." त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि औषध कधी देणार आहेस?"

"म्हणजे?"

"ब्रँडी गं. दरवर्षी थेंब का होईना, तोंडात येतो. मी म्हटलं, आज संप आहे, आज तरी जास्त ओतशील. तू हात आखडता घेतलास."

"हात आखडता?" मावशीनं बाटली उलटी धरली. एक थेंब पडला नाही. "अख्खी बाटली ओतली मी तुझ्या तोंडात!"

"माझ्या तोंडात काही आलेलं नाही."

"मग गेली कुठं?" मर्विन काळजीनं म्हणाला. चांगली ब्रँडी होती ती.

मला राहवलं नाही. मी तलवार टाकली, वाकले आणि दाढी मुठीत धरून पिळली. ब्रँडी माझ्या बोटांमधून वाहिली, मनगटावरून बाहीत गेली आणि बुटावर टपटपली. अंगणभर वास सुटला.

"अरे देवा," बेरिल म्हणाली. "धुतली मी ती या वर्षी."

"काय धुतलीस?"

"दाढी! इतकी वर्षं गॅविनच्या मेंढीची लोकर तशीच लावत आले. घरभर मेंढीचा वास. यंदा म्हटलं, नवरा मेलाय, निदान दाढी तरी स्वच्छ असू दे. गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुतली."

"मेण!" मी ओरडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी पातेलं काढून घेतलं, कारण पातेलं घालून शास्त्र सांगता येत नाही. "मेंढीच्या लोकरीवर मेण असतं. पावसात मेंढी भिजत नाही ती त्यामुळेच. न धुतलेल्या दाढीवरून ब्रँडी घरंगळून तोंडात जायची. धुतल्यावर मेण गेलं. आता ती सगळं शोषून..."

मी थांबले, कारण मावशी उठून उभी राहत होती. अगदी हळू. टोपी डोक्यावरून पडली तरी तिला कळलं नाही. हा चेहरा मी ओळखते. ती अशी दिसली की एक तर कुणीतरी मरणार असतं किंवा दूध उतू गेलेलं असतं.

"नोक्सचा मग रिकामा झाला," ती म्हणाली. "मग रिकामा झाला, हे सगळ्यांनी पाहिलं. पण तो प्यायला हे कुणी पाहिलं?"

तिनं वाकून क्लेमंटची ओली दाढी मुठीत धरली.

"दाढी लावून प्यायला तो! नाताळबाबाची दाढी! टिल्डा, तिच्यात मगभर सायडर मावेल का?"

"मोजून बघावं लागेल. थोडं तरी आत गेलंच असणार."

"थोडं म्हणजे?"

"पोट बिघडेल."

"चालेल," क्लेमंट जमिनीवरून म्हणाला. "एखादी ओकारी मला चालेल. पुस्तकासाठी मीही काही केलं पाहिजे."

पण मावशीला आता कुणाचंच ऐकू येत नव्हतं. ती अंगणात येरझाऱ्या घालत होती आणि लोक तिला वाट करून देत होते. "पोट दुखायला लागतं. सायडरला चव वेगळी आहे हे त्याला कळतं. खेळात मरायची वेळ येते, तो पडतो. पडल्यापडल्या त्याच्या लक्षात येतं... मग तो उठत का नाही? डॉक्टर आला, औषध टाकलं, तरी उठत नाही. का?"

"बघायला," क्लेमंट म्हणाला.

मावशी जागच्या जागी थांबली.

"इथनं सगळं दिसतं, रोझमंड. मेलेल्यासमोर लोक तोंड सांभाळत नाहीत. आत्ताच मर्विननं पाद्रीबाईंच्या मगातून एक घोट घेतला. गॅविननं नवीन पँट घेतलीय पण जुनीच घालून आलाय, सांत्वन मिळावं म्हणून. नोक्स पडून राहतो. तो रिकामा मग गुपचूप उचलायला कोण येतं, ते बघतो." त्यानं हात वर नेऊन दाढीखालचा कान खाजवला. "मी काही बोललो नाही हं."

मावशीनं दोन्ही हातांनी त्याचा ओला चेहरा धरला आणि कपाळाचं चुंबन घेतलं. "ऊठ, म्हाताऱ्या!" ती इतक्या जोरात ओरडली की प्रॉसरच्या कुरणातल्या मेंढ्या पळाल्या. "ऊठ आणि पुन्हा लढ!"

आणि क्लेमंट यॅप उठला. घाई केली नाही. आधी एक कोपर, मग दुसरा, मग गुडघा, मग कंबर, जी त्याला आता असल्याचं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पूर्ण उभा राहिल्यावर त्यानं दोन्ही हात पसरले. टोप्या उडाल्या, कुणाचा तरी मग फुटला, आणि पाद्रीबाईंनी मर्विनला मिठी मारली, पण आपला मग दुसऱ्या हातात लांब धरून.

त्यानंतर प्लाउमध्ये जे झालं त्याला मी प्रयोग म्हणेन, बाकीचे काही का म्हणेनात. गॅविन धावत जाऊन न धुतलेली लोकर घेऊन आला. दोन दाढ्या केल्या, एक मेणाची, एक धुतलेली. दोन्ही वेळा त्याच मापाचा मग, तितकंच गरम सायडर, तोच क्लेमंट. धुतलेल्या दाढीनं मगातलं बहुतेक सगळं पिऊन टाकलं, अगदी मावशीला हवं होतं तसं. मेणाच्या दाढीनं क्लेमंटला पाजलं. निष्कर्ष स्पष्ट होता, पण क्लेमंट म्हणाला की शास्त्रात एकदा करून चालत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं, हे टिल्डानंच मला सांगितलंय. मेणाची दाढी मग त्यानं फार काटेकोरपणे तपासली. शेवटी शेवटी तो खर्जात गायला लागला, आणि सरावाची सगळी राहिलेली गाणी आम्ही तिथंच उरकली.

"संपादकबाई काय म्हणेल?" मी मावशीला विचारलं.

"रडू दे की आधी. मग हसेल. बसमधल्या त्या माणसाला रुमाल परत देता येईल तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नेहमीप्रमाणे पायवाटेवर गेली. मीही गेले, कारण विषाची चव सायडरमध्ये कळेल का यावर आमचा वाद अर्धा राहिला होता. ती शेवटचं प्रकरण बोलत होती. नोक्स खुन्याचा हात धरतो तो प्रसंग.

"'सोडणार नाही मी तुला, दुष्टा!'" मावशी नोक्सच्या आवाजात गरजली.

"असं नाही म्हणणार तो," कुंपणापलीकडून आवाज आला. काट्यांमधून एक टोपी आणि लाल नाक दिसलं.

"क्लेमंट, तू इथं काय करतोयस?"

"कुंपण बघतोय. गॅविननं उडी मारून भोक पाडलंय. नोक्स 'दुष्टा' म्हणणार नाही. तो काय नाटकात आहे?"

"अरे, नाटकातच आहे तो!"

"तरी नाही म्हणणार."

"मग काय म्हणेल?"

क्लेमंटनं विचार केला. कान खाजवला. मग भोकातून आडवा आत आला, फरशीइतक्याच गार गवतावर पाठ टेकून पडला आणि डोळे मिटले, नीट आठवावं म्हणून. मावशी त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली, मी खुनी झाले आणि काल्पनिक मग उचलायला वाकले.

वळणावरून एक अनोळखी जोडपं येत होतं. आम्हाला बघून ते कुंपणाला चिकटून उभे राहिले. बाईनं कुत्र्याला जवळ घेतलं.

"हे सायडर," क्लेमंट डोळे मिटूनच माझा घोटा धरत म्हणाला, "कुणाला द्यायचं होतं गं तुला?"